काठापासून सत्त्याऐंशी मिलिमीटर

४ मार्च

डॉक्टरसाहेब,

आशीर्वाद आहेतच. ते घ्यायचे की पाकिटातच ठेवायचे, ते तुझं तू बघ. दीड वर्षात तू माझा एक फोन उचललेला नाहीस, म्हणून शेवटी कागदावर उतरले. पत्ता आईच्या औषधांच्या डब्याखाली सापडला. तुझी पाकिटं ती तिथे लपवते आणि वर मला म्हणते, "त्याचं काही कळलं का गं?" या घरात सगळेच हुशार.

कामाचं बोलते. तुझ्या शाईच्या त्या रोलचा शेवटचा अहवाल आता निघतोय. आपल्या सौर फिल्मच्या प्रयोगामागे जी संस्था उभी आहे, तिला तो ३० तारखेच्या बैठकीत द्यायचाय. खाली मशीन चालवणाऱ्याची सही लागते आणि मशीन मीच चालवत होते, म्हणून मसुदा माझ्याकडे आलाय. तुझ्यापुरता भाग जसाच्या तसा उतरवते:

"प्रयोगशाळेत नखाएवढ्या काचेवर समाधानकारक ठरलेली शाई तीनशे मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर लावली असता संपूर्ण लांबीभर रेघा आढळल्या व त्या ठिकाणी सेल शॉर्ट झाले. समितीस दिलेल्या नमुन्यांत रेघांना ठरावीक जागा आढळली नाही. सबब दोष यंत्राचा नसून शाईत राहिलेल्या गुठळ्यांचा आहे. शाई दोनदा गाळली होती, हे संबंधित रसायनतज्ज्ञांचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही."

संबंधित रसायनतज्ज्ञांचं नाव पूर्ण छापलंय.

तुला म्हणणं मांडायला २५ तारखेपर्यंत मुदत आहे. माझं ऐकशील तर गप्प बस. साहेबांशी मी बोलते. "ग्राह्य धरता येत नाही" हे काढून टाकू, त्याऐवजी "शाई मोठ्या रुंदीसाठी अद्याप तयार नव्हती" असं काहीतरी घालू. तयार नसणं हा काही गुन्हा नाही. आईला आलेल्या तुझ्या पत्रातून कळलं की तुझी तिथली नोकरी तात्पुरती आहे आणि मे महिन्यात कायमच्या जागेसाठी मुलाखत आहे. असला अहवाल आधी पोचला तर ते तुला दारात उभं करणार नाहीत. म्हणून सांगते, भांडत बसू नकोस. मोठ्या बहिणीचं कधीतरी ऐकून बघ, पोटात दुखणार नाही.

आई बरी आहे. घोटे सुजतात, बाकी तोंड व्यवस्थित चालू आहे.

तुझी ताई


१३ मार्च

डॉक्टर,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं म्हणून म्हणते. ना "ताई" ना "कशी आहेस", अख्ख्या कागदावर एकच ओळ: "रेघ काठापासून किती अंतरावर होती?"

एवढ्यासाठी तिकीट लावलंस?

अरे, दीड वर्ष झालं त्याला. मी काय पट्टी घेऊन रेघा मोजत बसले होते? आणि अहवालात लिहिलंय की, ठरावीक जागा नव्हती. समितीत तीन माणसं होती, तिघांनी सही केलीय. आता ती काय आंधळी होती?

तुझी खोड मला माहीत आहे. लॅबमध्ये तुझं सगळं सोपं होतं. नखाएवढी काच, तिच्यावर शाईचा एक थेंब, ती चकती गरगर फिरवायची, जादाची शाई उडून जायची, की झाला सेल. दहा बिघडले तरी अकरावा चांगला निघाला की त्याचा फोटो. माझ्याकडे अकरावा नसतो. माझी फिल्म थांबत नाही. हेडच्या दोन पोलादी ओठांमधल्या केसाएवढ्या फटीतून शाई बाहेर येते, फिल्म खालून सरकत राहते, पुढे भट्टीत शाई सुकते, आणि पहिल्या मीटरला जे होतं तेच तीनशेव्या मीटरला व्हावं लागतं. बावीस वर्षं मी हेच करतेय. आधी फोटोच्या फिल्मला, मग औषधांच्या पट्ट्यांना, आता तुमच्या सौर सेलना. शाई बदलते, हात तोच असतो. हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि तू मान डोलावली होतीस, जशी लहानपणी पाढे पाठ आहेत म्हणून डोलवायचास.

त्या दिवशी काय झालं ते तुलाही माहीत आहे. पाहुणे आले. बाहेरचे सहा जण, साहेब पुढे, तू मागे. फोटो काढायला मशीन थांबवलं. मी सांगत होते की, थांबवू नका, ओठांवर शाई सुकेल. कोणी ऐकलं नाही. चाळीस मिनिटं ते हेड तसंच उघडं राहिलं. शाई सुकली, ती मी पुसून काढली, मशीन पुन्हा चालू केलं. बस. यापलीकडे काही नाही.

आणि तू पाहुण्यांसमोर मला म्हणालास, "ताई, तू जरा बाजूला हो, मी दाखवतो." आणि मग त्यांना म्हणालास की पुढे हे सगळं आपोआप होईल, माणसाच्या हातावर काही अवलंबून राहणार नाही. ते मी तेव्हाच विसरून गेले. मुद्दाम सांगतेय असं समजू नकोस.

नव्या केमिस्टबाई आल्या आहेत तुझ्या जागी. चाळिशीच्या असतील, दोन मुलं आहेत, बोलतात कमी. त्यांनी स्वतःची शाई केलीय. २१ तारखेला तीनशेचं हेड खोक्यातून काढून तिची चाचणी आहे. तुझ्यानंतर ते हेड कोणी लावलंच नव्हतं.

तू २५ तारखेच्या आत एवढंच कळव की, मला काही म्हणायचं नाही. मी पुढचं बघते.

ताई


२१ मार्च

तुझी दुसरी चिठ्ठी आली. "कशानं पुसलीस?"

तू आता पोलिसात भरती झालास का? लाकडी काडीनं. नेहमी जिनं पुसते तिनं. त्या खोलीत कोणाच्या बोटात अंगठी दिसली तर मी बाहेर काढते, साहेबांच्या मनगटावरचं घड्याळ मी उतरवून घेतलंय, हे अख्ख्या कारखान्याला माहीत आहे. धातू ओठांना लागता कामा नये, हा नियम भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलाय. आणि तू मला विचारतोस कशानं पुसलीस.

मी तुझ्या भल्यासाठी मरतेय आणि तू उलटतपासणी घेतोस. आईला मी काय काय सांगून गप्प ठेवलंय ते तुला कळायचं नाही. ती परवा म्हणाली, "तुमचं नक्की बिनसलं कशावरून?" मी म्हटलं, कामावरून. ती म्हणाली, "कामावरून भावंडं दीड वर्षं अबोला धरत नाहीत." मी उठून भांडी घासायला गेले.

आज दुपारी चाचणी आहे. आल्यावर पाकीट बंद करते.


२२ मार्च

पाकीट कालच बंद केलं होतं. आज फाडून हा कागद आत घालतेय.

चाचणी झाली. नव्या बाईंची शाई माझ्यासमोर तीनदा गाळली. मी हेड लावलं, फिल्म सोडली. पहिले दोन मीटर बघायचे नसतात. तिसऱ्या मीटरला रेघ आली. केसासारखी बारीक, सरळ, न तुटता. भट्टीतून बाहेर आली तरी तशीच.

बाईंनी मशीन थांबवायला सांगितलं, हेड सोडवून धुतलं, पुन्हा लावलं. पुन्हा रेघ.

साहेब म्हणाले, "परत तेच. गुठळ्या. या शायांचं काही खरं नाही."

बाई म्हणाल्या, "मी तीनदा गाळलीय. यांच्यासमोर." आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काही आरोप नव्हता रे, नुसती अपेक्षा होती की, या बाईला मशीन कळतं, ही बोलेल. तू असाच बघत होतास. मला वाटलं होतं, ते मी विसरलेय.

मी तोंडात मूग धरून उभी राहिले. साहेबांनी वहीत "शाईदोष" लिहिलं, बाई शाईची बाटली उचलून निघून गेल्या, आणि मी हेड पुसायला घेतलं. लाकडी काडीनं.

आता ऐक. एका दमात लिहिते, नाहीतर पुन्हा पाकीट बंद करीन.

काडीनं नव्हती पुसली. त्या दिवशी पाहुणे गेले तेव्हा ओठांवरची शाई कडक झाली होती. काडीनं निघेना. द्रव लावून भिजत ठेवायची म्हणजे आणखी वीस मिनिटं, आणि तू भट्टीपाशी उभा राहून दर मिनिटाला घड्याळ बघत होतास. तू मला बाजूला हो म्हणाला होतास ना, ते डोक्यात भणभणत होतं. मी एप्रनच्या खिशातलं पातं काढलं, फिल्म कापायचं. दोनच वेळा ओढलं. दुसऱ्या वेळी कट्ट झालं. फार बारीक आवाज. नख फिरवून बघितलं, लागलं नखाला. एवढासा खड्डा पडला होता. डोळ्यांनी दिसतही नव्हता.

मला तिथल्या तिथे कळलं होतं. रेघ येणार, एकाच जागी येणार, रोल संपेपर्यंत येणार. काठापासून सत्त्याऐंशी मिलिमीटर. मोजायला पट्टी लागली नाही, मला माहीतच होतं कुठे बघायचं.

धुऊन पाहू म्हणालास, तेव्हा मी हेड धुतलं. धुतल्यावर जागा बदलली असती तर शाईची गुठळी. नाही बदलली तर ओठ. हे या कामातल्या शेंबड्या पोराला कळतं. दुसऱ्या रोललाही सत्त्याऐंशीच.

आणि नमुने मी कापले. समितीला पन्नास बाय पन्नासचे तुकडे द्यायचे होते. मी प्रत्येक तुकडा वेगळ्या ठिकाणाहून कापायला सुरुवात केली. कशात रेघ डावीकडे, कशात मध्ये, कशात उजवीकडे. काही उलटे फिरवून ठेवले. काठ सगळे कापून टाकले. रेघ एकच होती, मी तिच्या बारा केल्या. उरलेले दोन्ही रोल त्याच आठवड्यात तुकडे करायला पाठवले, त्या कागदावरही माझीच सही आहे.

का केलं, ते मलाच किती वेळा विचारलंय. नोकरीची भीती होतीच. पण खरं सांगू? "ताईचा हात" म्हणतात ना सगळे, ते जाईल म्हणून. आणि तू म्हणाला होतास की हातावर काही अवलंबून राहणार नाही. तेच खरं होताना मला बघवलं नसतं. मला तुझा राग आला होता, आणि तुझी शाई बदनाम होत होती तेव्हा पहिले दोन दिवस मला बरं वाटलं होतं. हे वाचून तू मला तोडून टाक, पण हे खरं आहे.

उद्या रविवार. सोमवारी सकाळी पहिल्यांदा साहेबांच्या खोलीत जाते. हे पत्र आजच्या आज कुरिअरनं पाठवते, म्हणजे माघार घेता येणार नाही.

ताई


२५ मार्च

सांगितलं. सोमवारी सकाळी साडेनऊला. साहेब आणि समितीतले दोघे होते, तिसऱ्यांना फोनवर घेतलं.

आधी नव्या बाईंचं बोलले. म्हटलं, शुक्रवारची फिल्म आणा, रेघ काठापासून मोजा. आणली, मोजली. सत्त्याऐंशी. दहाव्या मीटरला सत्त्याऐंशी, चाळिसाव्याला सत्त्याऐंशी. हेड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, खड्डा स्पष्ट दिसला. बाईंची शाई तिथल्या तिथे सुटली. माझा जीव अर्धा भांड्यात पडला.

मग तुझं बोलले. पात्याचं, तुकड्यांचं, सगळं. मी बोलत असताना साहेब पेन उघडझाप करत होते. संपल्यावर म्हणाले, "तुमचा भाऊ आहे ना तो?"

मी म्हटलं, हो.

"त्याची मुलाखत आहे म्हणे मे महिन्यात."

तेही त्यांना मीच कधीतरी चहा पिताना सांगितलं होतं. माझं तोंड!

समितीतले वयस्कर आहेत ते अगदी मायेनं म्हणाले, "बाई, आम्हाला समजतं. भावासाठी माणूस बरंच अंगावर घेतं. पण हा खड्डा कधीचा, हे कोण सांगणार? हेड दीड वर्ष खोक्यात होतं. ठेवताना पडला असेल, काढताना पडला असेल. तुमच्याकडे त्या वेळची काठासकट अख्ख्या रुंदीची एक तरी पट्टी आहे का?"

नाही. कशी असेल? मीच कापली ना सगळी.

"मग अहवाल आहे तसाच राहील. तुमचं म्हणणं आम्ही ऐकलं, पण नोंदवत नाही. तुमच्याच भल्यासाठी." असं म्हणाले.

आणि पुढचं ऐक, म्हणजे तुला हसू येईल. एका दिवसात कारखानाभर झालंय. भट्टीवरचे सगळे माझ्याशी अदबीनं बोलतात. जेवणाच्या सुट्टीत मला खुर्ची देतात. पॅकिंगमधली एकजण डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "बहीण असावी तर अशी." मी तिला सांगितलं की, बाई, मी खरंच केलंय. तर ती आणखीच रडायला लागली.

मी खरं बोलले आणि माझा मोठेपणा वाढला. तुझं नाव मात्र होतं तिथेच आहे. आजची मुदतही गेली. ३० तारखेला सही करायची आहे. नाही केली तर साहेब करतील, त्यांना तो अधिकार आहे.

काय करू ते सुचत नाही. तुला विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारतेय.

ताई


२९ मार्च, दुपार

तुझं पाकीट अकराला आलं. आई झोपलीय. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन पट्ट्या माझ्यासमोर पसरल्या आहेत. अख्ख्या रुंदीच्या, दोन्ही काठांसकट. एकीवर तुझ्या अक्षरात "रोल १, धुण्याआधी", दुसरीवर "रोल २, धुतल्यावर". तारीख, वेळ. खाली त्या दिवशीच्या पाळीच्या सुपरवायझरची आद्याक्षरं. तो माणूस हयात आहे, दुसऱ्या पाळीला असतो, उद्या बोलावलं तर येईल.

मी मोजपट्टी लावून बघितलं. उगाच बघितलं.

म्हणजे तुझ्याकडे ह्या होत्या. पहिल्या दिवसापासून. समितीसमोर तू "मी दोनदा गाळली होती" एवढंच म्हणत राहिलास, तेव्हाही ह्या तुझ्या बॅगेत होत्या. आणि सोबतच्या चिठ्ठीत तू लिहितोस: "तू सांगशील असं वाटलं होतं. पहिल्या आठवड्यात वाटलं. मग दुसऱ्या. मग मी निघालो. आता तू सांगितलंस, म्हणून ह्या तुझ्या. काय करायचं ते तू ठरव."

मला वाटत होतं, आळ आला म्हणून तू गेलास. तू माझी वाट बघून गेलास.

मला तुझा इतका राग आलाय की, समोर असतास तर एक ठेवून दिली असती. कोणी सांगितलं होतं तुला मला वाचवायला? दीड वर्ष तू मला परीक्षेला बसवलंस आणि पेपर स्वतःकडे ठेवलास. तुझं सगळं गेलं, नोकरी गेली, शाई गेली, आणि तू मुकाट बसलास. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहेस तू. हे माझं काम होतं.

आता सगळं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते. पाकीट उघडल्यावर पहिली दहा मिनिटं माझ्या मनात तुझा विचार नव्हता. माझ्या मनात आलं की, हे अजून कोणी बघितलेलं नाही. शेगडी दोन हातांवर आहे. ही फिल्म जळताना वास येतो, पण खिडकी उघडी ठेवली तर आई उठायच्या आत जातो. उद्या मी सही करणार नाही, ताठ मानेनं सांगेन की, माझ्या भावावर अन्याय होतोय, आणि सगळे म्हणतील, बहीण असावी तर अशी. मला काहीही होणार नाही. मी उठलेसुद्धा. शेगडीपाशी जाऊन उभी राहिले. एक पट्टी हातात होती.

तू माझ्याकडे का पाठवल्यास? समितीला थेट पाठवायच्या होत्यास. मी काय करू शकते ते तुला माहीत होतं, तरी पाठवल्यास. तुला भरवसा होता की तुला बघायचं होतं, हे मला कळत नाही, आणि कोणतं जास्त लागतं तेही कळत नाही.

पट्ट्या पुन्हा पाकिटात घातल्यात. आई उठायच्या आत निघते. उद्यापर्यंत ह्या घरात ठेवायच्या नाहीत. माझ्या हाताशी तर नाहीतच. नव्या केमिस्टबाईंच्या घरी जाऊन त्यांच्याकडे देते. त्या मला देणार नाहीत, मी मागितल्या तरी.


३१ मार्च

काल बैठक झाली. रविवार होता, पण संस्थेच्या लोकांना तोच दिवस जमत होता.

परवा बाईंच्या दारात मी उभी राहिले, तेव्हा त्यांचा धाकटा गृहपाठ करत होता. त्यांनी पट्ट्या बघितल्या, दोन मिनिटांत सगळं समजल्या. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "शुक्रवारी माझी बाटली मी उचलली तेव्हा तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हटलं. "आणि तुम्ही सोमवारपर्यंत थांबलात." मी पुन्हा हो म्हटलं. "तीन दिवस मी घरी कोणाशी बोलले नाही," त्या म्हणाल्या. एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बैठकीत त्यांनीच पाकीट टेबलावर ठेवलं. सुपरवायझरला बोलावलं, त्यानं आद्याक्षरं ओळखली. वयस्कर सभासदांनी दोन्ही पट्ट्या स्वतः मोजल्या. मग समितीच्या फायलीतले माझे ते बारा तुकडे काढले आणि एकेक तुकडा पट्टीवर ठेवून जुळवायला लागले. कुठला कुठून कापला असेल, कुठला उलटा आहे. अर्धा तास लागला. बाराही जुळले.

त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "हे तुम्ही घाईत कापले का?" ते अजूनही मला वाट देत होते रे.

मी म्हटलं, "नाही. सावकाश कापले. बारा तुकड्यांना पूर्ण दुपार लागली."

त्यानंतर माझ्याशी कोणी मायेनं बोललं नाही.

अहवाल बदलला. दोष यंत्राच्या हेडचा, नमुने हेतुपुरस्सर दिशाभूल होईल असे कापलेले, शाईवर कोणताही ठपका नाही. तुझी शाई नव्या हेडवर पुन्हा लावून बघायची शिफारस केलीय. बाई म्हणाल्या, भट्टीच्या उष्णतेबद्दल त्या तुला स्वतः लिहितील. त्यांना लगेच उत्तर दे, माझ्यासारखं दीड-दीड वर्ष लावू नकोस. सही मी केली, मशीन चालवणारी म्हणून शेवटची. मुलाखतीसाठी प्रत तुला थेट ऑफिसातून येईल.

साहेबांनी सायंकाळी मला बोलावून कामावरून काढल्याचं पत्र दिलं. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं. मी मशीनच्या खोलीची किल्ली परत दिली, एप्रन दिला. भट्टीवरचे सगळे खाली मान घालून काम करत होते. पॅकिंगमधली ती तोंड फिरवून उभी राहिली. बावीस वर्षं मी ज्या दारातून आत-बाहेर केलं, त्याचा उंबरा काल पहिल्यांदा पायाला लागला.

आईला घरी येऊन सगळं सांगितलं. काही राखलं नाही. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही, हे तिच्या जन्मात पहिल्यांदा घडलं. शेवटी म्हणाली, "म्हणजे त्यानं तुला सांभाळून घेतलं, आणि तू त्याला नाही." मी म्हटलं, हो. मग ती उठून आत गेली आणि आज सकाळपर्यंत बाहेर आली नाही. सकाळी चहा तिनं केला, दोन कप केले, माझा माझ्यासमोर ठेवला.

माफ कर, असं लिहायला मला फार जड जातंय. पत्राच्या सुरुवातीपासून टाळतेय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. माफ कर. मी तुझं नाव घालवलं, आणि मला कळत असताना घालवलं. तू लगेच काही लिहू नकोस. तुझा राग संपला नसेल तर तो राहू दे, तो माझ्याच वाट्याचा आहे.

पण आईला तुला बघायचंय, आणि मलाही. दिवस-वार, सुट्टी, माझी पाळी, यातलं काही बघायची गरज नाही. केव्हाही ये. मी आता दिवसभर घरीच असते.

ताई